वारीवर अभ्यास करायचाय : प्रश्नावल्या भरून घेऊ की दिंडीत चालू?

नीरेकाठ

नमस्कार मंडळी,

एमएच्या शेवटच्या वर्षाला आहे, समाजशास्त्र. लघुप्रबंधासाठी आषाढी वारी घेतलीय, माउलींची पालखी. विषय मंजूर झालाय, अडलंय ते पद्धतीवर. मार्गदर्शक म्हणतात प्रश्नावली तयार कर, दोनशे जणांकडून भरून आण, टक्केवारी काढ, तक्ते लाव, झालं काम. मला ते पटत नाहीये. आमचं गाव पालखीच्या वाटेवरच आहे, पुढे माउलींच्या पादुकांना नीरेत स्नान घालतात ना, त्याच पट्ट्यातलं, त्यामुळे हातात पॅड घेऊन येणारे विद्यार्थी लहानपणापासून बघतेय. "आपण वारीला का येता?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "माउली बोलावते म्हणून येतो." ते उत्तर खोटं नाही हो, अगदी मनापासून दिलेलं असतं, पण तोच माणूस पाच मिनिटांनी फोनवर पेरणी झाली का विचारत असतो, दिंडीच्या ट्रकमध्ये कुणाची वळकटी कुठे टाकायची यावरून वाद घालत असतो, शेजारच्या म्हातारीच्या पायाला तेल लावत असतो. हे सगळं कुठल्या रकान्यात भरायचं?

मला लोकांत राहून, चालून, बघून लिहायचंय. पुस्तकात याला सहभागी निरीक्षण वगैरे नावं आहेत, ती वाचलीत. पण प्रत्यक्षात करायचं कसं हे कुणी सांगत नाही. एकाच दिंडीत आळंदीपासून पंढरपूरपर्यंत राहायचं की दिंड्या बदलायच्या? लिहायचं कधी? मी अभ्यासाला आलेय हे सगळ्यांना सांगायचं का? भांडणं दिसली तर लिहायची का? ज्यांनी जत्रा, उरूस, गणपती, शिमगा, काहीही अशा पद्धतीनं अभ्यासलंय किंवा जे नुसते वारी करतात त्यांनी पण सांगा.

टाळकरी

पोरी, आधी ये तर खरं. विद्यार्थी येतात, फलटणला गाडीतून उतरतात, फोटो काढतात, बरडला परत गाडीत बसतात. तू चालणार म्हणतेस हेच मोठं आहे.

दिंडीत चालताना प्रश्न विचारायचे नाहीत. तेव्हा भजन चालू असतं आणि भजनाला क्रम असतो, सकाळी कुठले अभंग, दुपारी कुठले, वाराचे कुठले, सगळं ठरलेलं. पुढे पताका, मग टाळकरी, मध्ये पखवाज आणि वीणेकरी, मागे तुळस घेतलेल्या बाया. त्या रांगेत तू घुसून "काका तुमचं वय काय" म्हणालीस तर कुणी रागावणार नाही, पण बोलणारही नाही. बोलणं होतं दुपारच्या विसाव्याला नाहीतर रात्री कीर्तन सुटल्यावर राहुटीत. आणि हात रिकामे ठेवू नकोस. पाणी भर, भाज्या चिर, पत्रावळ्या वाढ. काम करणाऱ्या माणसाशी लोक आपणहून बोलतात.

डोंगरवाट

मार्गदर्शकांनाही बरोबर आण. दिवेघाटात दोनशे प्रश्नावल्यांचा गठ्ठा त्यांच्या पाठीवर दे, घाटमाथ्यावर पोचेपर्यंत पद्धत आपोआप बदलेल :)

फडताळ

चांगला धागा. मी हा विषय बरीच वर्षं शिकवलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर खाली जा.

टाळकरी जे सांगतायत तेच शंभर वर्षांपूर्वी मालिनोव्स्की सांगत होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो ट्रोब्रियांड बेटांवर तंबू टाकून राहिला आणि त्यानंतर मानववंशशास्त्रात रीतच पडली की व्हरांड्यात खुर्ची टाकून एकेकाला बोलावून प्रश्न विचारायचे नाहीत, त्यांच्यात जाऊन राहायचं, त्यांची भाषा शिकायची, रोजचं जगणं बघायचं. सणाचं निरीक्षण करताना हे जास्तच लागू पडतं कारण सणात माणसं दुसऱ्याला दाखवण्यासाठी पण वागत असतात, आणि ते दाखवणं सुरू व्हायच्या आधी आणि संपल्यानंतर तू तिथे असशील तरच तुला फरक दिसेल.

टिपणांचं सांगतो. दिवसभर खिशात छोटी वही, त्यात फक्त खुणेचे शब्द. "टँकर, दोघी, निळी बादली" एवढंच. मग त्याच रात्री, झोपायच्या आधी, त्या शब्दांवरून सगळं सविस्तर लिहायचं. दुसऱ्या दिवसावर ढकललं की गेलं, कारण दुसऱ्या दिवशी तसाच आणखी एक दिवस त्याच्यावर येऊन बसतो. लिहिताना तीन गोष्टी वेगळ्या ठेव : डोळ्यांनी पाहिलेलं, कुणीतरी सांगितलेलं (कुणी, कुठे, कुणासमोर), आणि तुला वाटलेलं. पानाचे तीन भाग कर नाहीतर तीन रंगांची पेनं घे, पण मिसळू नकोस. पाहिलेलं आणि वाटलेलं एकत्र झालं की चार महिन्यांनी ते सोडवता येत नाही.

आणि प्रत काढून ठेव! समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवासांनी म्हैसूरजवळच्या रामपुरा गावावर वर्षानुवर्षं काम केलं आणि १९७० साली स्टॅनफर्डमध्ये आग लागली त्यात त्यांच्या टिपणांवरून तयार केलेले सगळे कागद जळाले. शेवटी पुस्तक आठवणीवरून लिहिलं. ते उत्तम झालं ही गोष्ट वेगळी, सगळेच काही श्रीनिवास नसतात. तू रोज रात्री वहीच्या पानांचे मोबाईलवर फोटो काढून घरी पाठवत जा.

एक दिंडी की अनेक? एकच. निःसंशय एकच.

आकडेमोड

फडताळ सरांचा आदर ठेवून थोडा विरोध नोंदवतो. एकच दिंडी घेतली तर तिला एका दिंडीबद्दल कळेल, वारीबद्दल नाही. पालखीच्या रथापुढे २७ दिंड्या, रथामागे कितीतरी जास्त, शिवाय कुठल्याच दिंडीत नाव नसलेली मोकळी माणसं, शिवाय वाटेवरच्या गावांतून एक दिवस चालायला येणारे. प्रत्येकाची वारी वेगळी आहे. रथापुढच्या मानाच्या दिंडीतल्या माणसाचं जग आणि रस्त्याच्या कडेला प्लॅस्टिकच्या कागदाखाली झोपणाऱ्या मोकळ्या वारकऱ्याचं जग एक नाही. मग मी एका ट्रकमागे चाललो आणि "वारीत असं असतं" लिहिलं, हे बरोबर का? प्रश्नावलीला नावं ठेवणं फार सोपं असतं. पण किती जण, कुठून, कितव्यांदा, कुणाची शेती किती, याला मोजण्याशिवाय उपाय नाही.

दोन्ही एकत्र करता येतं याचं चांगलं उदाहरण प्रयागच्या माघमेळ्याचं आहे. भारतातल्या आणि ब्रिटनमधल्या मानसशास्त्रज्ञांनी मिळून केलेलं काम आहे. त्यांनी महिनाभर गंगेकाठी राहणाऱ्या कल्पवासींशी बोलून घेतलं, त्यांचं जगणं समजून घेतलं आणि मोजमापही केलं. मेळ्याच्या आधी आणि नंतर कल्पवासींची तब्येत कशी होती, आणि तुलनेला न गेलेले गावकरी. कडाक्याची थंडी, गर्दी, चोवीस तास भोंगे, आणि तरी जाऊन आलेल्यांनी सांगितलेलं स्वास्थ्य न गेलेल्यांच्या तुलनेत सुधारलेलं निघालं. त्याच गटाने आवाजावरही प्रयोग केला. तोच अस्पष्ट गोंगाट ऐकवायचा आणि एकाला सांगायचं हा मेळ्यातला आहे, दुसऱ्याला सांगायचं शहरातला आहे. मेळ्यातला म्हटल्यावर लोकांना तो बरा वाटला आणि त्यांनी तो जास्त वेळ ऐकला. आता आवाज हा प्रश्न सुचायला तिथे जाऊन लोकांचं ऐकावं लागतं, आणि सिद्ध करायला मोजावं लागतं.

फडताळ

आकडेमोड, माघमेळ्याचं उदाहरण फार चांगलं दिलंत. पण त्यांची अख्खी टीम होती, पैसे होते, वर्षं होती. हिच्याकडे एक वही आणि एक वारी आहे. एका दिंडीत राहून "वारी अशी असते" म्हणायचंच नाही, "या दिंडीत हे असं घडतं आणि त्यामुळे घडतं" एवढंच म्हणायचं. ते एवढं नीट सांगितलं तर दुसऱ्या दिंडीतला माणूस स्वतःच पडताळून बघेल.

सुगरणीचा_खोपा

वाचतेय. छान चर्चा.

मोगरा

मी आईबरोबर चालले आहे, तेव्हा बायकांच्या बाजूनं लिहिते कारण वर सगळे पुरुष बोलतायत असं दिसतंय (टाळकरी काका रागावू नका).

नीरेकाठ, तू मुलगी आहेस हा या अभ्यासात तुझा मोठा फायदा आहे. वारीतल्या बायकांचा दिवस पुरुषांच्या आधी सुरू होतो. अंधार असतानाच उठायचं, कारण उजाडलं की आंघोळीला आडोसा नाही. टँकरपाशी रांग, कपडे धुवायचे, ओले कपडे ट्रकच्या दोरीवर नाहीतर खांद्यावर वाळवत चालायचं. आता फिरती शौचालयं असतात, पूर्वीपेक्षा खूप बरं आहे, पण ती पालखीतळाजवळ आणि आपली राहुटी कुठेतरी लांब शेतात. पाळी आली तर काय करतात, तुळस कोण धरतं, कोण मागे राहतं, कोण काहीच पाळत नाही आणि कुणाला सांगत पण नाही, हे कुठल्याही पुरुष संशोधकाला कुणी सांगणार नाही. आणि मी जे पाहिलं ते सांगते, कितीतरी बायकांना वर्षातले हेच दिवस असे मिळतात की स्वयंपाक दिंडीतले दुसरे करतात आणि त्या नुसत्या चालतात आणि गातात. आमच्या दिंडीतल्या एक मावशी म्हणाल्या होत्या, घरी मला कुणी बस म्हणत नाही, इथं माउली बसा म्हणतात. भक्ती तर आहेच. पण हे पण आहे. यातलं एक खरं आणि दुसरं वरवरचं असं कृपा करून लिहू नकोस.

टाळकरी

मोगराताई, रागावतोय कशाला. खरं आहे तुमचं. आमच्या दिंडीत आचारी पुरुष आहेत, पण भाकरीला अजून बायाच बसतात, हे पण लिही गं नीरेकाठ.

इंद्रायणी_तीर

भाकरी कोण करतं, कोण कुठे झोपतं, यात अभ्यासकांना इतका रस का असतो हे मला समजत नाही. वारीचा गाभा नामस्मरण आहे. तिथे लहानथोर सगळे एकमेकांच्या पाया पडतात, जात नाही, पात नाही. अभ्यासक येतात ते फट शोधायलाच. जे डोळ्यांसमोर आहे ते दिसत नाही का?

उंबरठा

इंद्रायणी_तीर, एकमेकांच्या पाया पडतात हे मीही पाहिलंय आणि ते पाहून मला दर वेळी भरून येतं. पण चोखोबांची समाधी महाद्वाराच्या बाहेर आहे. आणि विठ्ठलमंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७ साली पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावं लागलं. हे पण डोळ्यांसमोरच आहे. जात नाही हे ज्याला म्हणता येतं त्याची जात बहुतेक वेळा त्याला आडवी आलेली नसते. माझ्या आजोबांची वारी होती आणि ती कुणाच्या पंगतीत बसून होती हे घरात आम्हाला ठाऊक आहे.

इंद्रायणी_तीर

पूर्वी होतं ते मी नाकारत नाही. आज नाही एवढंच म्हणतोय.

फडताळ

हाच वाद इरावतीबाई कर्वे आळंदीहून पालखीबरोबर चालल्या तेव्हा त्यांनी स्वतःशी घातलाय. ज्याचे लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, अशी व्याख्या त्यांना त्या वाटेवर सुचली, आणि त्याच लेखात दिवसभर एकत्र गाणारी माणसं जेवायला मात्र जातीजातीनं वेगळी बसतात याचं दुःखही त्यांनी लिहिलंय. लेखाचं इंग्रजी रूप १९६२ मध्ये बाहेर आलं आणि पुढे व्हिक्टर टर्नरसारख्या मानववंशशास्त्रज्ञानं तीर्थयात्रेवर लिहिताना ते वापरलं. टर्नरचं म्हणणं, यात्रेत समाजाच्या पायऱ्या थोड्या काळापुरत्या गळून पडतात आणि माणसं नुसती माणसं म्हणून भेटतात. इरावतीबाईंच्या पंगती त्या म्हणण्याला जागच्या जागी अडवतात. पायऱ्या गळतात हेही त्यांनी पाहिलं आणि गळत नाहीत हेही. दोन्ही त्याच वाटेवर, त्याच दिवशी.

आता नीरेकाठनं काय करायचं? "दिंडीत जात पाळतात का?" हा प्रश्न विचारायचाच नाही. उत्तर "नाही" येणार, आणि देणारा प्रामाणिक असणार. रोज पंगतीत कोण कुठे बसलं याचा कच्चा नकाशा काढायचा. वाढायला कोण, पाणी कोण देतं, ट्रकमध्ये कोण कुणाशेजारी झोपतं, दिंडीच्या बैठकीत कोण बोलतं. सुरुवातीचे नकाशे आणि शेवटचे नकाशे शेजारी ठेवायचे. चालता चालता माणसं सरमिसळ होत गेली असतील तर ते दिसेल, नसतील तर तेही दिसेल, आणि मग इंद्रायणी_तीर आणि उंबरठा दोघांनाही बोलायला काहीतरी समोर असेल. हे नकाशे दिंडीतल्या लोकांना दाखवायचे पण. त्यांचं त्यावर काय म्हणणं ते तर सगळ्यात महत्त्वाचं.

शिमगोत्सव

कोकणातून. आमच्याकडे शिमग्याला पालखी नाचवतात तेव्हा सगळे मोबाईल वर करून उभे, चाकरमानी, पाहुणे, यूट्यूबवाले. अभ्यास करायचा तर त्याच्या आधीची गावकीची सभा बघा. पालखी पहिली कुणाच्या घरी, ओटी कुणाची आधी, ढोल कोण वाजवणार, होळीला झाड कुणाच्या आवारातलं, यंदा मान कुणाचा अडलाय. मध्यरात्रीपर्यंत चालते कधी कधी. ती बैठक ज्याने बघितली नाही त्याला पालखी या दारातून त्या दारात का गेली हे कधीच कळणार नाही.



धोंडांचो_गांव

गोव्यातून +१. शिरगावच्या लईराईच्या जत्रेला लोक रात्री होमकुंड बघायला येतात, धोंड (देवीचं व्रत घेतलेले भक्त) निखाऱ्यांवरून जातात तेवढं बघतात आणि बातमी तेवढीच होते. पण धोंडांचं व्रत आधीपासून चालू असतं. वेगळं राहायचं, तळीवर आंघोळ, शिवराक (शाकाहारी) जेवण, हातातल्या बेताला (वेताच्या काठीला) रंगीत गोंडे बांधायचे. बहुतेक जत्रा तिथेच झालेली असते, निखारे तर शेवटी. माझं मत, कुठल्याही उत्सवाचा अभ्यास त्याच्या मुख्य दिवशी सुरू करू नये.

गिरगावची_गल्ली

आमच्या मंडळात एक मुलगी अशीच आली होती गणपतीच्या अभ्यासाला. पहिल्यांदा आम्हाला वाटलं वर्गणीचा हिशोब काढायला कुणीतरी पाठवलीय :D पण ती पाद्यपूजनापासून यायला लागली, मंडपाच्या बांबूंपासून, पावतीपुस्तकं घेऊन पोरांबरोबर चाळी चढली. तिने आम्हाला जो एक प्रश्न विचारला तो अजून लक्षात आहे : जुनी जमाखर्चाची वही आहे का? होती, ट्रंकेत, पार जुनी. त्यात बँडवाला, मग लाउडस्पीकर, मग डेकोरेशन, मग सिक्युरिटी. कशावरचा खर्च कधी सुरू झाला आणि कशावरचा बंद झाला ते बघून आम्हालाच आमच्या मंडळाची गोष्ट कळली, भजनी मंडळाचं मानधन त्यात कुठल्या साली शेवटचं दिसतं ते बघून म्हातारी माणसं गप्प झाली होती. तेव्हा नीरेकाठ, दिंडीची वही माग. पैसे कुणी भरले, शिधा कुणी दिला, ट्रकचं भाडं किती. मागायची घाई मात्र करू नकोस, ओळख होऊ दे.

टेबलखुर्ची

महसूल खात्यातून निवृत्त. पालखीमार्गावरच्या तालुक्यात नोकरी झाली म्हणून लिहितो. चालणाऱ्यांवर लिहिणारे पुष्कळ, वाटेवरच्या गावावर फारच कमी. पालखी एक रात्र मुक्कामाला येते, पण गावाला त्याची तयारी महिनाभर आधीपासून असते. तळाची जागा सपाट करणे, मुरूम टाकणे, टँकर भरायच्या विहिरींची यादी, पाण्यात पावडर, दवाखान्याची पथकं, वीज, सरपण, गॅस. आणि पालखी पुढे गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी गाव कसं असतं ते कुणी बघितलंय का? ग्रामपंचायतीची माणसं झाडू घेऊन उभी असतात. तुझं गाव वाटेवरच आहे, तुला ते सहज करता येईल. शिवाय आता पालखी महामार्ग रुंद झाला, रस्त्याकडेची जुनी झाडं गेली, विसाव्याच्या जागांचा प्रश्न वेगळा झाला. दिंडीवाले यावर काय बोलतात ते आताच टिपून ठेवायला हवं, आणखी काही वर्षांनी नव्या लोकांना तिथे सावली होती हेच माहीत नसेल.

चिंचेचा_टाळा

फोटोचं कुणी बोललं नाही. वारीत फोटो काढणारे इतके झालेत की ठरावीक आजींच्या चेहऱ्यावर चार चार कॅमेरे असतात. परवानगी न घेता झोपलेल्या माणसांचे, आंघोळीचे फोटो नेटवर येतात, फार वाईट वाटतं. आवाज रेकॉर्ड करायचा असेल तरी आधी विचार. मोबाईल जमिनीवर सगळ्यांना दिसेल असा ठेव.

उंबरठा

आणि भांडणं लिहायची का, या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलं नाही. ओळखीच्या एका गावातला किस्सा. एकाने तिथल्या यात्रेवर प्रबंध लिहिला, मानकऱ्यांच्या दोन घरांमधला वाद नावानिशी, कोर्टातल्या तारखांसकट. प्रबंध पास झाला, प्रत गावात पोचली, आणि दोन घरं जी निदान यात्रेच्या दिवशी एकत्र उभी राहायची ती पण बंद झाली. लिहिणारा शहरात. गावाला रोज राहायचंय. वाद लिही, पण माणूस ओळखू येणार नाही असा लिही, आणि नुसतं नाव बदलून भागत नाही, "वीणेकऱ्याचा थोरला भाऊ" म्हटलं की दिंडीत सगळ्यांना कळतं. जे काढून टाकल्याने तुझा मुद्दा अडत नाही ते काढूनच टाक.

फडताळ

उंबरठा, शंभर टक्के.

ओळख सांगायची का, याचंही लिहितो. सांगायचीच. पहिल्याच दिवशी, दिंडीप्रमुखांना आणि सगळ्यांना, साध्या शब्दांत : मी शिकतेय, तुमच्याबरोबर चालून लिहिणार आहे, नको असेल ते सांगा, लिहिणार नाही. लपूनछपून अभ्यास म्हणजे विश्वासघात. आता सांगितल्यावर लोक सावध होतात हे खरं, पण ती सावधगिरी फार दिवस टिकत नाही, एकत्र पावसात भिजलं की संपते. मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गिअर्ट्झची गोष्ट प्रसिद्ध आहे. बालीमध्ये १९५८ साली तो आणि त्याची बायको एका गावात राहायला गेले तर लोक त्यांच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. मग एके दिवशी कोंबड्यांच्या झुंजीवर पोलिसांची धाड पडली आणि हे दोघंही गावकऱ्यांबरोबर पळत सुटले. परदेशी पाहुणे म्हणून कागद दाखवून उभं राहता आलं असतं, नाही राहिले. दुसऱ्या दिवसापासून गाव त्यांच्याशी बोलायला लागलं.

डोंगरवाट

थोडक्यात नीरेकाठ, पोलीस आले की पळ :D

थेम्सकाठ

लंडनहून वाचतोय. आमच्याकडच्या गणपतीवर कुणी अभ्यास केला तर हॉलचं भाडं तासावर असतं इथून सुरुवात करावी लागेल. आरती किती लांबेल, लेझीम किती वेळ, शेवटची आरती दोन कडव्यांत का आटपते, सगळं त्या वेळेच्या हिशोबात. ज्या मुलांना मराठी फार येत नाही ती "घालीन लोटांगण" मात्र तोंडपाठ म्हणतात, टिपेला जाऊन. मला त्यावर कुणीतरी मनापासून लिहिलेलं वाचायला आवडेल.

इथल्यांसाठी एक प्रश्न : बाहेरच्या माणसाला हे जमतं का? की आपलं माणूसच हवं?

मोगरा

गुंथर सोंथायमर जर्मन होते, मराठी शिकून धनगरांबरोबर डोंगर हिंडले, जेजुरी, खंडोबा यांवर त्यांनी केलेलं काम आजही आपले लोक वाचतात. बाहेरच्याला "हे असं का?" विचारता येतं कारण त्याला माहीत नसतं. आपल्याला माहीत आहे असं वाटत असतं, म्हणून आपण विचारत नाही. नीरेकाठला घरच्या अंगणात दिंडी बघून बघून जे साधं वाटतं तेच तिने मुद्दाम विचारावं.

सुगरणीचा_खोपा

विषयांतर करते, माफ करा. पायाला फोड आल्यावर काय लावायचं ते कुणीतरी सांगा, तिला लागणारच आहे.

टाळकरी

फोडाची सुई-दोऱ्याची पद्धत जुनी लोकं करतात, पण डॉक्टर नको म्हणतात, वाटेवर दवाखाने असतात तिथे दाखवायचं. नवीन चपला घालून यायचं नाही, आधी महिनाभर वापरलेल्या आण. आणि कांदेनवमीपर्यंत नीट टिकलीस की भजी मिळतील. आषाढ शुद्ध नवमीला कांद्याची भजी, थालीपीठ, नंतर चातुर्मासात कांदा बंद. तेव्हा पंढरपूर अगदी जवळ आलेलं असतं, दमलेली माणसं एकदम खुशीत येतात.

आता खरं सांगायचं होतं ते सांगतो, वर कुणी काढलं नाही म्हणून. तू समाज आरती बघ. मुक्कामी तळावर संध्याकाळी सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळांचा नुसता गजर, शेजारच्याचं ऐकू येत नाही. चोपदार चोप वर करतात आणि एका क्षणात सगळं थांबतं. हजारो माणसं, एक टाळ वाजत नाही. पण एखाद्या दिंडीची तक्रार असली ना, पाणी मिळालं नाही, जागेवरून वाद झाला, दिंडीचा क्रम चुकवला, तर ती दिंडी थांबत नाही. सगळे गप्प आणि ती एकटी टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिच्यापाशी जातात, काय झालं विचारतात, निवाडा होतो, मग टाळ थांबतात. त्यानंतर हरवलं-सापडलं पुकारतात आणि उद्या किती वाजता निघायचं ते सांगतात. मग आरती.

फडताळ

टाळकरी!! हे तुम्ही धाग्याच्या तळाशी काय सांगताय, हे पहिलं प्रकरण आहे!

नीरेकाठ, हे जपून ठेव. लाखो माणसांचा फिरता समाज, ना पोलीस ठाणं ना कचेरी, आणि तक्रार मांडायची रीत काय तर गप्प न बसणं, तेही भजनाच्याच वाद्यानं. आजचं रूप या सोहळ्याला एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी दिलं, ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे सरदारकीत होते, अंकलीच्या शितोळे सरकारांचे घोडे आणि तंबू तेव्हापासून येतात. ती फौजेची शिस्त आणि भजनाची शिस्त इथे कशी एकमेकांत बसलीय ते तुला दिसेल. किती दिवशी तक्रार झाली, कुणाची, कशाबद्दल, निवाडा काय झाला, आणि राहुटीत परतल्यावर लोक त्या निवाड्याबद्दल काय बोलले. हे शेवटचं फक्त बरोबर राहणाऱ्यालाच ऐकू येतं.

आकडेमोड

आणि हे मोजताही येतं :) रोज एक ओळ. मुक्काम, तक्रार होती की नाही, विषय, किती वेळ लागला. एक तक्ता मार्गदर्शकांना आवडेल, प्रबंध तुझ्या मनासारखा राहील. माझा विरोध मागे घेतो असं नाही, पण या प्रश्नासाठी एकच दिंडी चालेल, कारण आरतीला सगळ्याच दिंड्या समोर असतात.

इंद्रायणी_तीर

समाज आरतीबद्दल लिहिणार असशील तर मला फार आनंद आहे. तो अनुभव वाचून कळणारा नाही, पण निदान कुणीतरी नीट लिहू दे. पंगतीचे नकाशे पण काढ. मला बघायला आवडतील, फडताळ म्हणतात तसं.

नीरेकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मी गेले काही दिवस हा धागा परत परत वाचतेय.

समाज आरतीबद्दल आमच्या गावात राहून मला हे ठाऊक नव्हतं, कारण आमच्याकडे आम्ही दर्शनाच्या रांगेत नाहीतर चुलीपाशी असतो, आरतीच्या गोलात कधी उभी राहिलेच नाही. विषय आता असा करतेय : दिंडीतले आणि दिंड्यांमधले वाद वारीत कसे मिटवले जातात. राहणार एकाच दिंडीत. वही तीन भागांची. पंगतीचा नकाशा रोज. आकडेमोड यांचा तक्ता रोज. टेबलखुर्ची काका, आमच्या गावातून पालखी पुढे गेली की मी एक दिवस मागे थांबून गावाचं लिहीन आणि मग एसटीने दिंडी गाठीन, तेवढं चालेल ना? मोगराताई, पहाटेच्या रांगेतलं सगळं लिहीन, नावांशिवाय. लिहून झालं की दिंडीसमोर वाचून दाखवायचंय, कार्तिकीला किंवा पुढच्या आषाढीच्या आधी, त्यांनी काढ म्हटलेलं काढीन.

काल मार्गदर्शकांना समाज आरतीचं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, प्रश्नावली पन्नासवर आण, बाकी तुझ्या पद्धतीनं कर.

टाळकरी काका, तुमच्या दिंडीत जागा मिळेल का?

टेबलखुर्ची

चालेल की. पण सकाळी लवकर थांब, झाडू मारायला सुरुवात व्हायच्या आधी.

टाळकरी

मिळेल. दिंडीप्रमुखांना चैत्रातच येऊन भेट, ट्रकमधल्या जागा आणि शिध्याचा अंदाज तेव्हाच धरतात, ज्येष्ठात आलीस तर अडचण होईल. घरच्यांपैकी कुणालातरी बरोबर आण म्हणजे त्यांनाही माणसं कळतील. एक वळकटी, दोन जोड, प्लॅस्टिकचा कागद, आणि वही भिजणार नाही अशी पिशवी. भाकऱ्या येतात ना तुला?

नीरेकाठ

येतात. पण काका, चिरायला आणि वाढायला बसते, भाकऱ्या आचाऱ्यांकडून शिकवून घ्यायला दिंडीतले दोन पुरुष बसवता का बघा :)

मोगरा

+१०० :D